काहिलीतून टाकळीपर्यंत

नदीतून चार दिवस प्रवास करायचा तर होडी लागते, एवढी साधी गोष्ट आम्हा चौघांच्या ध्यानात यायला पंधरा दिवस लागले. तोवर कंदील, टिंक्चर आयोडीनची बाटली, पत्त्यांचे दोन जोड, कडक भाकरीची चळत आणि शेंगाचटणीचे तीन डबे अशी जय्यत तयारी झाली होती. नुसती होडी तेवढी राहिली होती.

कल्पना आमच्यातल्या बँकवाल्याची. दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना त्यानं एका इंग्रजी मासिकात रंगीत फोटो पाहिला. निमुळत्या होड्या, त्यांत नारिंगी जाकिटं घातलेली गोरी माणसं, काठावर तंबू, तंबूपुढं शेकोटी. ते पान त्यानं डॉक्टरच्या नकळत फाडून आणलं आणि आमच्या चहाच्या टेबलावर पसरलं. टेबलावर आणखी दोघं होते. एक शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर, आणि दुसरा सोलापूरच्या पूर्व भागातला, ज्याच्या घरी चादरींचे चार माग होते. त्याला मी मागवाला म्हणेन. आमच्यात पोहता येणारा तो एकटाच.

"आपल्याकडं भीमा आहे की," मी म्हणालो.

हे वाक्य मी अगदी सहज बोललो. आयुष्यातली सगळी नुकसानीची वाक्यं मी सहजच बोललेलो आहे.

माझं आजोळ भीमेच्या काठी, मंगळवेढ्याच्या अलीकडं. एवढ्या भांडवलावर मी त्या तिघांत नदीचा जाणकार ठरलो. खरं सांगायचं तर त्या नदीत मी कमरेच्या वर कधी गेलो नव्हतो, आणि कमरेपर्यंत गेलो तेही मामाच्या धोतराचा सोगा धरून. पण मी तेव्हा चोवीस वर्षांचा, दुसऱ्या खेपेला का होईना बी.एस्सी. झालेला आणि सरकारी कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून होतो. मला येत नाही असं म्हणण्याची पद्धत त्या वयात नसते.

एका रविवारी आम्ही एस.टी.नं पंढरपूरला गेलो आणि घाटावरच्या एका नावाड्याला विचारलं, माझ्या आजोळाहून खाली टाकळीच्या पुलापर्यंत चार दिवसांसाठी नाव मिळेल का. त्यानं आम्हाला खालून वरपर्यंत पाहिलं.

"आन् नाव मागारी कोन आननार? तुमचा बा?"

येताना गाडीत मला काहील आठवली.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. आठ-नऊ फूट रुंद, मांडीएवढी खोल, कडेला धरायला जाड कड्या. हंगाम नसला की आमच्या आजोळची माणसं तीच नदीत लोटायची आणि पलीकडच्या काठाला जायची. बाजाराला जायची, वऱ्हाड न्यायची. एकदा एक म्हैस नेल्याचंही मी ऐकलं होतं, आणि म्हैस शांत बसली होती म्हणे. जिथं म्हैस बसू शकते तिथं आम्ही चौघं का नाही, असा माझा युक्तिवाद होता. तो सगळ्यांना पटला.

मामाकडं काहील होती. पण मामाकडं मागायची तर ती आईनंच मागायला हवी होती, आणि आई माहेरी काही मागत नसे.

हे जरा सांगायला हवं. आजोबा गेल्यावर आईनं कचेरीत जाऊन जमिनीतला आपला हिस्सा एकुलत्या धाकट्या भावाच्या नावे सोडून दिला होता. आमच्याकडं पुष्कळ बायका असं करतात. जमीन घेतली की माहेर तुटतं, सोडली की दार उघडं राहतं. त्या उघड्या दारातून वर्षाकाठी तिच्याकडं दोन गोष्टी यायच्या. भाऊबीजेचं लुगडं, आणि गुऱ्हाळ पेटलं की पहिल्या आधणातली, म्हणजे पहिल्यांदा काहीलभर रस आटवून केलेल्या गुळातली, पहिली ढेप. ती देवापुढं नाही, बाजारात नाही, घरच्या लेकीला. त्यासाठी आई दर वर्षी स्वतः जायची, काहिलीला हळदकुंकू लावायची आणि ढेप मांडीवर घेऊन एस.टी.नं परत यायची. मग आळीतल्या चार घरी खडे वाटायची आणि कुणी न विचारता सांगायची, "माझ्या भावाकडचा."

बहात्तरच्या दुष्काळात ते थांबलं. नदीत वाळू आणि रानात धूळ. ऊस नाही, गुऱ्हाळ नाही, ढेप नाही. त्यानंतर दोन पावसाळे झाले आणि त्या वर्षी मामाचा ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेला. गावातले बरेच जण श्रीपूरच्या कारखान्याला ऊस घालू लागले होते. मामा मात्र म्हणायचा, "साकरंला काय चव हाय व्हय? नुसती ग्वाड." तुळशीच्या लग्नानंतर गुऱ्हाळ पेटवायचं ठरलं होतं. आई दिवस मोजत होती. अशा वेळी मी काहील मागायला सांगितली.

"काहील? खेळायला?" आई म्हणाली.

"खेळायला नाही गं. नदीचा अभ्यास करायला."

"बी.एस्सी.चा केलास तसा?"

मी आठ दिवस तिच्या मागं लागलो. शेवटी तिनं पोस्टकार्ड लिहायला घेतलं. दोन ओळी लिहायला तिला दुपार लागली. कार्ड पेटीत टाकायला मलाच दिलं आणि म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा त्याला काही मागतेय. तोंडावर पडू नकोस. तू पडलास तर मी पडले."

"तू काळजी करू नको," मी म्हणालो. हेही सहजच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी पोचलो तेव्हा काहील नदीच्या काठावर आणून ठेवलेली होती. मामा बिडी ओढत उभा होता.

"आक्कानं मागिटली म्हून देतोय, भाचेराव. ह्या वक्ताला दुसऱ्या कुनाला दिली नसती. तुळशीच्या लग्नाआदी जाग्यावर पायजे. आन् हाय तशी पायजे."

त्याच्या शेजारी म्हातारा गुळव्या होता. गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. त्याच्याकडं घड्याळ नव्हतं की काही नव्हतं. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो दोन बोटांत वळायचा आणि 'आता' म्हणायचा. त्याचा 'आता' कधी चुकला नाही, असं सगळा गाव सांगायचा. आईला त्यानं लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. ती त्याला तात्या म्हणायची.

काहील पाण्यात लोटली तशी तळाशी, रिव्हेट मारून पत्रे जोडलेल्या जागी, बारीक पाणी पाझरू लागलं.

"दोन सालं कोरडी पडली की," गुळव्या म्हणाला. "रिबिटा ढिल्या झाल्यात. पैल्या आदनात रसच बुजवतोय त्यास्नी. तवर तांब्या घिऊन बसा आन् उपसा."

हा एवढा सल्ला. सत्तर वर्षांच्या माणसाचा, फुकटचा. तो ऐकला असता तर मला हे लिहायला बसावं लागलं नसतं.

काहिलीला तोंड नसतं, शेपूट नसतं. ती गोल असते आणि गोल फिरते. आमच्याकडं वल्ही म्हणून दोन फळ्या होत्या. दोघांनी एका बाजूनं मारल्या की काहील उजवीकडं गरगरायची, एकेकानं दोन्ही बाजूंनी मारल्या की जागच्या जागी विचार करत राहायची. पहिल्या दिवशी आम्ही जेवढं पुढं गेलो त्याच्या दसपट गोल फिरलो. मास्तरला उलटी झाली. मागवाल्यानं घरून मोराची नक्षी असलेली नवी कोरी चादर आणली होती. ती शीड म्हणून उभारायची अक्कलही माझीच. वारा भरला आणि मोर फुगला. काहील आधी हळू फिरत होती, ती आता जोरात फिरू लागली.

दुपारी वेगळाच प्रकार. ऑक्टोबरचं ऊन सोलापूरकराला सांगायला नको, आणि आम्ही बसलो होतो लोखंडात. घटकाभरात तळ तापला. ओली पोती अंथरून आम्ही चौघं आलटून पालटून एकेक बूड उचलत होतो. तव्यावरची भाकरी तरी एकदाच उलटतात.

काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

"आगं बया! गुऱ्हाळच निगालं बग नदीनं!"

"आवं पावनं, रस कुटं सांडला?"

"कुटं निगालाव?"

"टाकळीला!" मी ऐटीत ओरडलो.

"आन् मागारी?"

हा प्रश्न प्रत्येक गावानं विचारला. नावाड्यानं विचारला होता, बायकांनी विचारला, एका गुराख्यानं विचारला, माचणूरच्या देवळापाशी एका गोसाव्यानंही विचारला, ज्याला स्वतःला कुठंच परत जायचं नव्हतं. फक्त आम्ही चौघांनी एकमेकांना तो विचारला नव्हता.

आणि सगळा वेळ उपसणं. तळाशी चार बोटं पाणी साचायचं. एकजण तांब्या घेऊन वाकलेला असायचाच. कडक भाकरी पाणी पिऊन मऊ झाली, पत्त्यांतले राजे फुगले. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकवाल्यानं तांब्या आपटला.

"बास. माझी कंबर गेली. मी इथून चालत जातो."

आम्ही काहील वाळूत ओढली. काठापासून जरा वर रस्त्याचं काम चाललं होतं. दुष्काळात सुरू झालेल्या रस्त्यांवर आता कुठं डांबर पडत होतं. तिथून वास आला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी वर गेलो, मुकादमाला शेंगाचटणीचा एक डबा दिला आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात डांबर घेऊन आलो. तीन दगडांवर ते पातळ केलं आणि बाभळीच्या काडीला चिंधी गुंडाळून काहिलीच्या आतल्या सांध्यांत घालायला लागलो.

मागवाला बघत उभा होता. "मामांना विचारलं का?"

"मामाची काहील म्हणजे माझीच."

"अरे, पण यात गूळ करतात ना?" बँकवाला म्हणाला.

यावर मी त्यांना पंधरा मिनिटं विज्ञान सांगितलं. डांबराचा गुणधर्म काय, गुऱ्हाळाच्या चुलवाणाची आग किती, त्या आगीपुढं डांबर कसं जळून नाहीसं होईल. बोलत असताना माझा हात सांध्यांवरून फिरत होता. तिघंही गप्प झाले. त्यांना पटलं म्हणून नाही. उपसायचा कंटाळा आला होता म्हणून. आजवर माझ्या विद्वत्तेला जे जे श्रोते मिळाले ते सगळे असेच दमलेले होते.

डांबर वाळलं आणि पाझर बंद झाला. तिसरा दिवस आणि चौथा दिवस म्हणजे काय सांगू! तळ कोरडा, हातात पत्ते, फिरायची सवय झालेली. मास्तरनं माझं चित्र काढलं, काहिलीत उभा, एक पाय कडेवर, खाली लिहिलं 'दर्यासारंग'. चौथ्या दिवशी उन्हं कलताना टाकळीचा पूल दिसला तेव्हा आम्ही इतके ओरडलो की पुलावरचा एक ट्रकवाला थांबून खाली बघायला लागला. त्याच्याच ओळखीनं दुसऱ्या दिवशी मोकळा ट्रक मिळाला आणि काहील सोलापूर शहरातून, भर दुपारी, लोकांच्या देखत परत गेली. आत आम्ही बसलेलो.

गावाच्या अलीकडं मी ट्रक थांबवायला लावला. घासलेट, वाळू, राख. दोन तास आम्ही ती काहील घासली. वरचं डांबर गेलं. सांध्यांत बोट जात नव्हतं, त्यामुळं तिथं काय आहे ते दिसत नव्हतं. दिसत नाही ते नाही, असं मी ठरवून टाकलं.

मामानं काहिलीभोवती एक फेरी मारली आणि त्याचा चेहरा फुलला.

"आरं वा! दिली त्यापरीस सोच्च आनली की. आक्काचं प्वार शानं झालं म्हनायचं."

मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

गुळव्या वाकून तळ बघत होता. "गळती ऱ्हायली व्हय?"

"हो. आपोआपच थांबली."

"पान्यानं?"

"पाण्यानंच."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग तो बिडी पेटवायला वळला. तेव्हा सांगितलं असतं तर? लोहाराकडून रिबिटा काढून सांधे साफ करून घ्यायला दोन आठवडे हातात होते. मामानं चार शिव्या दिल्या असत्या, मी त्या खाल्ल्या असत्या, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. पण पाच मिनिटांपूर्वी मी शहाणा ठरलो होतो. तेवढ्या लवकर परत मूर्ख व्हायला जिवावर आलं.

घरी आल्यावर आईनं पहिलं विचारलं ते काहिलीचं. "काही केलं नाहीस ना तिला?"

"काय करणार? मामा तर म्हणाला, दिली त्याहून स्वच्छ आणली."

तिला इतका आनंद झाला की तिनं ते शेजारच्या बाईंनाही सांगितलं.

तुळशीचं लग्न झालं आणि आठवड्याभरात आम्ही गुऱ्हाळावर गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. माहेरच्या वेशीत शिरलं की तिची भाषा बदलायची. सोलापुरात 'आहे' म्हणणारी बाई तिथं 'हाय' म्हणायला लागायची आणि पाच-दहा वर्षांनी लहान दिसायची. गुऱ्हाळापाशी निम्मा गाव जमला होता. तीन वर्षांनी पेटत होतं. बायका वाट्या घेऊन आल्या होत्या, म्हातारे नुसतेच वासाला आले होते. आम्ही चपला बाहेर काढल्या, आईनं काहिलीला हळदकुंकू लावलं, मामानं नारळ फोडला, चुलवाणात चिपाडं पडली आणि रस ओतला.

रस तापला, मळी वर आली. गुळव्यानं भेंडीच्या चिकाचं पाणी टाकून ती काढली. पुन्हा आली, पुन्हा काढली. रंग धरत होता. मी आईच्या मागं उभा होतो आणि माझं विज्ञान खरं ठरावं म्हणून पहिल्यांदाच मनापासून देवाची प्रार्थना करत होतो.

आधी गुळव्याच्या नाकपुड्या हलल्या. मग बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग मला आला. रस्त्याचं काम चालू असल्यासारखा वास. पाकावर तेलासारखे काळसर डोळे फिरायला लागले.

"खाली वडा," गुळव्या म्हणाला. "इस्तू खाली वडा."

"का?" मामा म्हणाला.

"गेलं आदान."

त्यानं थेंब पाण्यात टाकला, बोटांत वळला, जिभेला लावला आणि थुंकला. मामानंही लावला. मग मामा माझ्याकडं वळला.

"भाचेराव, काईलीला काय लावलंवतं का?"

"नाही," मी म्हणालो.

हे मात्र सहज नव्हतं. हे मी विचार करून बोललो.

आई पुढं झाली. "माझं प्वार न्हाय म्हनतंय म्हंजी न्हाय. सोच्च करून आनली की त्यानं. तूच म्हनालास. तात्या, वय झालं आता तुमचं. चिकाच्या पान्यातच काय आलं आसंल, बगा जरा. नाक ऱ्हायलं न्हाय तुमचं पैल्यावानी."

सगळे गुळव्याकडं बघायला लागले. पन्नास वर्षांत त्याला असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोलली ती खांद्यावर खेळलेली पोर.  पाक उपसून होईपर्यंत आणि काहील निवेपर्यंत तो बाजूला उकिडवा बसून राहिला. कुणीही घरी गेलं नाही. मग तो खिळा घेऊन उतरला, एका सांध्यात घातला आणि उकरला. वर आला तो आईपुढं उभा राहिला आणि त्यानं अंगठा दाखवला. अंगठ्यावर काळी वात होती.

"डांबार हाय, पोरी," एवढंच म्हणाला. हळू म्हणाला. तिला एकटीला ऐकू जावं असं. पण तिथं इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

आईनं अंगठ्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग पदर नीट केला आणि भावाला म्हणाली, "मीच सांगिटलंवतं त्याला."

"तू?"

"व्हय. गळतीय म्हनला. मी म्हनलं, लाव डांबार."

मामा तिच्याकडं बघतच राहिला. "आक्का, ह्या काईलीच्या कडंला रांगलीस तू. तू आसं सांगशील?"

"सांगिटलं."

तिथल्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही. गुऱ्हाळाच्या घरची लेक काहिलीत डांबर घाल म्हणून सांगेल, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. पण निम्म्या गावासमोर थोरल्या बहिणीला खोटारडी कोण म्हणणार? मामानं बिडी काढली, पुन्हा खिशात ठेवली. "बरं," म्हणाला.

डांबर लावल्याचं त्यानं माफ केलं असतं, असं मला अजून वाटतं. पोरानं गाढवपणा केला म्हणून वर्षभर हसला असता. पण बहीण आपल्या तोंडावर, आपल्या गुऱ्हाळावर, सगळ्यांना कळेल असं खोटं बोलली, आणि आपल्याला 'बरं' म्हणावं लागलं, हे त्याच्या घशाखाली उतरलं नाही. आणि तिच्या? तात्यांना जे बोलली ते तिला परत घेता आलं नाही. निघताना ती त्यांच्या पाया पडायला गेली तर ते बैल पाजायला नदीवर गेले होते.

काहील लोहाराकडं गेली. सगळ्या रिबिटा काढून सांधे भाजावे लागले. तोवर ऊस वाळायला लागला, म्हणून मामानं तो श्रीपूरला घातला. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. एकदा सवय लागली की कारखान्याला ऊस घालणं सोपं असतं. गुळव्या मुलाकडं गेला. गुऱ्हाळ पुन्हा पेटलं नाही.

मामा भाऊबीजेला येत राहिला. त्यानं रीत चुकवली नाही. सकाळच्या गाडीनं यायचा, पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, तबकात लुगडं ठेवायचा.

"जेवून जा की," आई म्हणायची.

"गाडी हाय."

गाडी संध्याकाळपर्यंत दर तासाला होती.

आता माझं ऐका. ही सहल मी पुढं वीस वर्षं लोकांना सांगितली. कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, घरी चहाला आलेल्यांना. मला गोष्ट बरी सांगता येते. बायकांचं 'गुऱ्हाळच निगालं' सांगताना मी त्यांचा आवाज काढायचो. मोराच्या चादरीला लोक पोट धरून हसायचे, आणि मास्तरनं काढलेलं चित्र मी फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. डांबराचा भाग मी सांगायचो तो माझ्या हुशारीचा नमुना म्हणून. टाकळीचा पूल आला की गोष्ट संपवायचो. टाळ्या पुलावरच मिळायच्या, पुढं जाण्याचं काही कारण नव्हतं.

घरात गोष्ट सुरू झाली की आई स्वयंपाकघरात जायची. तिला चहा टाकायचा असतो, असं मी समजत आलो. समजत आलो म्हणजे तसं धरून चाललो.

मामा वारला त्या वर्षीची गोष्ट. दहाव्याहून आम्ही परत आलो होतो. आई चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती आणि मी तिच्यासमोर पेपर धरून बसलो होतो. बऱ्याच वर्षांनी माझी हिंमत झाली, किंवा आता रागावणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून झाली असेल.

"आई, त्या दिवशी तू अंगावर का घेतलंस? कुणाला खरं वाटलं नव्हतं ते."

ती शेंगा फोडत राहिली. सालं एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"मी लगेच नव्हते बोलले," ती म्हणाली. "थांबले होते की. तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, तू बोलशील."

"मग?"

"मग परत बघितलं. तू चपला शोधत होतास."